नवरी सजवणारा काका

साकोली,
दि. १० एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप वहिनीस,
खुशालचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही ठीकच असणार, कारण काल फोनवर तू "बरं हाये" म्हणालीस, मीही "बरं हाये" म्हणालो आणि दोघांनी फोन ठेवला. आता हातात फोन असताना हा माणूस कागद काळे करत का बसला, असं तुला वाटेल. त्याचं कारण तूच आहेस. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि दादा बाजूला पेपर धरून सगळं ऐकत असतो. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा चष्मा सापडत नाही आणि तुझी लेक तृप्ती मोठ्याने वाचून दाखवते. म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या तुलाराम टेलरबरोबर पाठवतो आहे. तो बहिणीकडे सानगडीला येणार आहे. त्याला चहा दे, पण बसवून घेऊ नकोस, नाहीतर माझ्या दुकानाची बित्तंबातमी तुला त्याच्याच तोंडून कळेल.

लगीनसराई जोरात आहे. लाखांदूर रोडवरच्या माझ्या या खोलीत पूर्वी खताची पोती असायची. कडक ऊन तापलं की भिंतींतून तो वास अजून येतो, मग बेबीबाई उदबत्ती लावते आणि खताला आणि मला मिळून शिव्या देते. बेबीबाई तुला आठवते ना, दिवाळीला माझ्यासोबत आली होती ती? नवरीचं परकर-पोलकं ती पाहते, तोवर मी पडद्याबाहेर. निऱ्यांपासून पुढचं सगळं माझं.

गेल्या आठवड्यात एका नवरीची आत्या मला म्हणाली, "भाऊ, पोरीले अशी गोरी करा का सासरच्यायनं वळखलीच नाई पाह्यजे." मी म्हटलं, "आत्याबाई, मंग वरात दुसरीलेच घेऊन जाईन ना!" सगळ्या बाया हसल्या, आत्याबाई सोडून. पण पोरगी तयार होऊन उभी राहिली तेव्हा तिच्या आईने तिच्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. आत्याबाईंनी मग स्वतःच पोरीची दृष्ट काढली. वहिनी, माझं काम एवढंच आहे. पोरगी स्वतःसारखी दिसली पाहिजे, फक्त ज्या दिवशी ती सगळ्यात आनंदात असेल त्या दिवसासारखी.

हे मी तुझ्याकडून शिकलो. तू ऐकून "चाल, काहीतरीच" म्हणशील, पण आज मला सांगू दे.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात आम्ही दोघे भाऊ आणि कोपऱ्यात धुळीने माखलेला आरसा. तू आल्याबरोबर पहिलं काम केलंस ते आरसा पुसायचं. तू तयार होताना मी दारात बसून बघायचो. तृप्तीच्या वेळी तुझे दिवस भरत आले होते आणि तुला वाकता येईना, तेव्हा तू म्हणालीस, "खुश्या, निऱ्या सारख्या कर ना बाप्पा, मले खाली दिसून नाई राहिलं." मी पायाशी बसून एकेक निरी सरळ केली. तू आरशात पाहिलंस आणि म्हणालीस, "माह्यापेक्षा चांगल्या केल्या रे तू." शाळेत मला इतक्या वर्षांत कोणी असं बोललं नव्हतं. त्या दिवसापासून निऱ्या माझ्याकडे आल्या त्या आल्याच.

दुसऱ्या घरात मला चार फटके बसले असते. तू मला तुझा लग्नातला शालू दिलास, सरावासाठी. नेसवायचा कोणाला? मी कोठीच्या खोलीत धानाचं पोतं उभं केलं आणि त्याला नेसवला, वर पाण्याचा पितळेचा गुंड उपडा ठेवून त्यावरून पदर घेतला. नेमके शेजारचे टिकाराम आजोबा दादाला शोधत आले. अंधाऱ्या खोलीत पाहून म्हणाले, "सूनबाई, घनश्याम हाये का घरी?" पोतं काय बोलणार! आजोबा ओसरीवर जाऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की घनश्यामची बायको चांगली होती, पण आता तिला मोठेपणा चढला, म्हाताऱ्या माणसाला उत्तर देत नाही. तू आतून सगळं ऐकत होतीस आणि तोंडात पदर कोंबून हसत होतीस. पण शेवटपर्यंत तू त्यांना पोत्याचं सांगितलं नाहीस. नाव स्वतःचं खराब करून घेतलंस आणि माझं झाकलंस.

असं किती आठवू? आज दुकानाची पाटी बघतो, "खुशाल नवरी शृंगार", तेव्हा वाटतं की नाव माझं लिहिलं आहे, पण दुकान तुझ्या ओसरीतूनच इथवर आलं आहे. तुला असं वाटेल की पोराला काही हवं असेल, म्हणून एवढं लोणी लावणं चाललं आहे. तसं नाही. म्हणजे थोडं तसं आहे. पण तेही नाही.

होळीला तृप्ती साकोलीला आली होती, तेव्हा दुकानात येऊन खुर्चीवर बसली आणि आरशातून मला म्हणाली, "काका, माह्या लग्नात अंबाडा घालशीन का येणी?" मी म्हटलं, "पोरी, अजून मांडव पडाचा हाये." विषय बदलला. तिच्यासाठी शेवया मागवल्या, त्या तिने अर्ध्या टाकल्या. आता खरं सांगतो. अंबाडा घालायचा हे मी तेव्हाच ठरवलं होतं. गजरा कुठला, पदर कुठल्या खांद्यावर किती सोडायचा, सगळं ठरवलं होतं. तिच्या जन्माच्या आधीपासून मी तिच्या लग्नाची तयारी करतो आहे म्हण ना.

आणि काल तू फोनवर सांगितलंस की तृप्तीच्या लग्नाला नागपूरहून ब्यूटिशियन येणार आहे, दादाने ठरवली.

मी "बरं" म्हणालो. ते बरं तसं नव्हतं, वहिनी.

दादावर माझा राग नाही, हे आधी लिहून ठेवतो. तो घाबरला आहे, हे मला समजतं. पोरीच्या सासरचे सिहोऱ्याचे पाहुणे नवे, वऱ्हाड मोठं, आणि कोणीतरी विचारणारच, "नवरी कोणी सजवली?" मग कोणीतरी त्या मंडईच्या जत्रेतली गोष्ट काढणार. बारा-तेरा वर्षांत आपल्या घरात त्या दिवसाचं नाव कोणी काढलं नाही. तू नाही, मी नाही, आणि दादा तर त्यानंतर एकाही मंडईला गेला नाही. दिवाळीनंतर घरोघरी पाहुणे येतात, पोरंसोरं दंडारीची नाटकं बघायला पळतात, आणि दादा धानाच्या खळ्यावर एकटा बसून असतो. आज मीच तो विषय काढतो.

तेव्हा परसरामच्या दंडारीत बाईचं काम करणारा पोरगा तापाने पडला होता. मी साकोलीला ट्रॅक्टरचा पार्ट आणायला जातो असं घरी सांगितलं आणि त्यांच्यात गेलो. परसरामने मला सांगितलं नाही की दंडार आपल्याच सानगडीच्या मंडईत आहे. कळलं तोवर गळ्यात मंगळसूत्र चढलं होतं. मनाला समजावलं की दादा कापणीवर असेल. दुपारची वेळ, मंडई भरलेली, पाळणे, जिलेबी, भोंगे. मी नव्या सुनेचं काम करत होतो. आता सून म्हणजे काय, मला एकच सून माहीत होती. तू जशी पदर सावरतेस, जशी वरच्या ओठावरचा घाम करंगळीने टिपतेस, माहेरचं कोणी आलं की आधी चुलीकडे वळून मग हसतेस, तशी मी करत गेलो. लोक पाळणे सोडून समोर येऊन बसत होते.

आणि समोरून दादा उठला. त्याने नुकतीच तुझ्यासाठी राणी रंगाची साडी घेतली होती, हातात पिशवी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तुझ्यासाठी स्वतःच्या पसंतीने काही घेतलं होतं. तो सरळ चालत आला आणि ती साडी त्याने माझ्या खांद्यावर घातली. परसराम भोंग्यावरून ओरडला, "घनश्यामभाऊ यांच्यातर्फे बाईले साडी भेट!" दंडारीत बक्षीस देणाऱ्याच्या पाया पडायची रीत, मी पडलो. दादाने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अखंड सौभाग्यवती राह्य, बाई."

वहिनी, मी हसलो नाही. मला रडायला येत होतं. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे, हा तं खुशाल होय!" आणि मग जे हसणं सुरू झालं ते वर्षानुवर्षं थांबलं नाही. किराणा दुकानात, तलावावर, पंचायतीत, दादा दिसला की, "घनश्यामभाऊ, यंदा साडी कोणाले?" त्याने मला हात लावला नाही. नुसतं म्हणाला, "तू तुह्या वाटेनं जा." तेव्हा तूच मला तुझ्या नागपूरच्या मावशीकडे पाठवलंस आणि दादाला ठणकावलंस, "तोंड लपवून घरात बसण्यापरीस काही शिकून येईन." मी तुलाच दिलेली ती साडी तू अजून नेसतेस, हे मी पाहिलं आहे. दादा असला की नेसत नाहीस.

आता जे मी कधीच कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. सगळ्यांना वाटतं, तो दिवस आमच्या दोघांच्या फजितीचा होता. दादाला तर तसंच वाटतं. पण माझ्यासाठी तो दिवस उलटा आहे. त्याने मला ओळखलं असतं, तर भाऊ म्हणून दिलं असतं, नाहीतर भाऊ म्हणून मारलं असतं. त्याने ओळखलं नाही. त्याला समोर फक्त काम दिसलं आणि त्या कामासाठी त्याने हातातली सगळ्यात लाडाची वस्तू दिली. माझ्या कामाला पहिल्यांदा मान दिला तो माझ्या दादाने, आणि मान देताना त्यात भावाची माया नव्हती, म्हणून तो खरा होता. नागपूरला शिकताना रोज वाटायचं की परत जावं, लोक हसतात. तेव्हा दादाचा तो हात आठवायचा. मी या धंद्यात टिकलो तो त्या हातामुळे. हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण तो माझ्याकडे बघतच नाही.

असो. मी लग्नाला येणार, काका म्हणून येणार. पंगतीत भात वाढीन, पाहुण्यांना पाणी देईन, आत डोकावणार नाही. तू चोरून रडू नकोस आणि दादाशी भांडू नकोस. पोरीच्या लग्नात घरात भांडण नको.

फक्त त्या नागपूरच्या बाईला एवढं सांग. तृप्तीच्या डाव्या कानामागे लहानपणी पडल्याचे टाके आहेत, तिथे पिन रुतली की तिचं डोकं दुखतं, पण ती सांगत नाही, नुसती गप्प होते. गजऱ्याचा भार उजवीकडे ठेवायला सांग. कपाळाला टिकलीचा गोंद चालत नाही, पुरळ उठतं, कुंकूच लावा. निऱ्या जरा वर घ्या, ती भराभर चालते. आणि तयार झाल्यावर ती घाबरून हसते, तेव्हा कोणीतरी तिच्याशी इकडचं तिकडचं बोला, म्हणजे तिचा चेहरा मोकळा होतो.

ही चिठ्ठी दादाला दाखवायची की चुलीत घालायची, ते तुझ्यावर सोडतो.

तुझ्याच हाताखाली वाढलेला,
खुशाल


साकोली,
दि. १८ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुला मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. काल दुकानात जे झालं ते तू स्वतःच केलंस, तुला सांगण्यात काही अर्थ नाही. पण तेव्हा जे बोलायचं होतं ते राहून गेलं, म्हणून आज लिहितो. तू एकट्याने वाच. नाहीतर वहिनीला वाचून दाखव, मला चालेल.

तू मोटरसायकल समोरच्या कडुनिंबाखाली लावलीस आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलास. बेबीबाईने मला आत येऊन सांगितलं, "बाहेर एक माणूस उभा हाये, येऊन बी नाई राहिला न जाऊन बी नाई राहिला." मी खिडकीतून पाहिलं आणि कंगवा हातातच राहिला. मला वाटलं, चिठ्ठी वाचून तू भांडायला आलास. मग तू आत आलास. दोन नवऱ्या, त्यांच्या आया, माम्या, सगळ्या बायाच बाया, आणि त्यांच्या मधे बाकावर तू, टोपी मांडीवर ठेवून. मोहाडीकडची एक म्हातारी तुझ्याकडे टक लावून बघत होती. तिने विचारलंच, "काहो भाऊ, तुमी इथं कोनासाठी?"

तू म्हणालास, "माह्या पोरीचं लगीन हाये. तिच्या काकाले बलवाले आलो. हा काय, हा लहान भाऊ होय माहा. नवऱ्या सजवते."

दादा, "नवऱ्या सजवते" हे तू जेवढ्या आवाजात म्हणालास तेवढ्या आवाजात तू सहसा बैलांशी बोलतोस. बाहेर तुलाराम टेलरची मशीन थांबली, मी ऐकलं.

मग तू उठलास आणि माझ्या कपाळाला कुंकू लावून हातावर अक्षता ठेवल्यास. ते ठीक, घरच्या माणसाला अक्षता देतातच. पण तू थांबलास, खिशातून विड्याचं पान आणि सुपारी काढलीस आणि दुसऱ्या हातात दिलीस. वाजंत्रीवाल्याला, आचाऱ्याला, दंडारीला ज्या रीतीने सुपारी देऊन बोलावतात त्या रीतीने. म्हणालास, "त्या अक्षता भावाच्या. हे कामाचं. नागपूरच्या बाईले मी नाई म्हणून सांगतलं." मी म्हणालो, "दादा, लोकं हसतीन." तू म्हणालास, "मी तेरा वर्षं खळ्यावर बसून पाह्यलं. तरी हसलेच."

तू निघालास तेव्हा मी मागे मागे कडुनिंबापर्यंत आलो. तू गाडीला किक मारलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "सजवाची पेटी घेऊन मागच्या दारानं नको येजो. समोरून ये. मांडवातून." आणि गेलास. मी तिथेच उभा राहिलो. आत नवरीचे केस अर्धे विंचरलेले होते, बेबीबाई हाका मारत होती आणि मी हातातल्या पान-सुपारीकडे बघत होतो.

मी तुझ्याकडून आजवर पुष्कळ घेतलं. शाळा घेतली, कपडे घेतले, आई-बाप गेल्यावर तुझ्या ताटातलं घेतलं, कधी आभार मानले नाहीत, भावाचे कोणी मानतं का? पण कालच्या सुपारीचे मानतो. ती मला धाकटा म्हणून नाही मिळाली.

काम घेतल्यावर कामासारखं सांगतो. लग्नाच्या दिवशी, नऊ मेला, मी आणि बेबीबाई उजाडताच येतो. न्हाणं झाल्यावर पोरीला वाऱ्याच्या जागी बसवा. तिच्या मैत्रिणींना खोलीत गर्दी करू देऊ नका. आणि मंडपाची घाई म्हणून तू बाहेरच राहू नकोस. तृप्ती तयार झाली की पहिल्यांदा मी तुलाच आत बोलावणार आहे. वहिनीच्याही आधी, वहिनीला विचारूनच हे लिहितो. तू तिला डोळे भरून बघ, मग तिला बाहेर न्या.

मी समोरून येईन, दादा. पेटी हातात घेऊन, सगळ्या वऱ्हाडासमोरून, मांडवातून.

तुझा लहान भाऊ,
नवऱ्या सजवणारा,
खुशाल